न चाललेली गाणी

आपल्याला आवडलेलं गाणं चारचौघांच्या कानावर पडावं, ते गाजावं, गायकाचं नाव व्हावं, असं कुठल्याही रसिकाला वाटतं. १९७०च्या दशकात उत्तर इंग्लंडमधल्या हजारो तरुणांना मात्र नेमकं उलट वाटत होतं. गाणं रेडिओवर सारखं वाजायला लागलं की ते त्यांच्या मनातून उतरायचं. अमेरिकेत सात-आठ वर्षांपूर्वी निघालेली, तिथे कुणी न विचारलेली, दुकानदारांनी खोकीच्या खोकी भरून मोडीच्या भावानं काढून टाकलेली एखादी रेकॉर्ड हाती लागली, की यांची दिवाळी. अशा रेकॉर्डींवर, दारू न मिळणाऱ्या हॉलमध्ये, मध्यरात्र उलटल्यावर सुरू करून सकाळी आठपर्यंत ते नाचत. या सगळ्या प्रकाराला नॉर्दर्न सोल म्हणतात. त्याला आता पन्नास वर्षं उलटली, नाचणाऱ्यांपैकी कितीकांचे गुडघे बदलून झाले, तरी तो संपलेला नाही.

साठच्या दशकातल्या पॉप आणि सोल संगीताचे चाहते जगभर आहेत आणि त्यांच्यावर लिहायचं तर बीटल्सपासून सुरुवात करणं सोपं होतं. पण बीटल्सचं कौतुक टिकवायला एक अख्खा धंदा राबत असतो. दर काही वर्षांनी जुन्या ध्वनिमुद्रणांची नवी आवृत्ती, देखणे संच, माहितीपट, कसला ना कसला वर्धापनदिन. तिथे चाहत्यांचं प्रेम किती आणि जाहिरातीची करामत किती, हे वेगळं काढता येत नाही. नॉर्दर्न सोलच्या पाठीशी असं कुणी नव्हतं. ज्या कंपन्यांनी ही गाणी काढली त्यातल्या बऱ्याचशा तोवर बुडाल्या होत्या, आणि गायक पोटापाण्याच्या दुसऱ्या उद्योगाला लागले होते. म्हणून जुन्या संगीतावरचं प्रेम नेमकं कशावर जगतं हे बघायचं असेल, तर लिव्हरपूलला न थांबता तिथून वीसेक मैलांवरच्या विगनला जावं, असं माझं मत आहे. पुढच्या पानांत हाच प्रवास आहे.

पण आधी डेट्रॉइट.

बेरी गॉर्डी हा लिंकन-मर्क्युरीच्या मोटार कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केलेला माणूस. १९५९ साली घरच्यांनी जमवलेल्या सामाईक निधीतून ८०० डॉलर उसने घेऊन त्यानं रेकॉर्ड कंपनी काढली आणि वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरच्या २६४८ क्रमांकाच्या साध्या घरात तिचा स्टुडिओ थाटला. तीच मोटाउन. तिची गाणी सगळ्यांना माहीत आहेत. सुप्रीम्स, फोर टॉप्स, टेम्प्टेशन्स, मार्व्हिन गे यांच्याबद्दल इथे सांगत बसायचं कारण नाही. माहीत नसते ती त्यामागची माणसं. पगारी वादकांचा एक ताफा होता, फंक ब्रदर्स नावाचा. जेम्स जेमर्सनची बास गिटार, बेनी बेंजामिनचे ड्रम्स, आणि आणखी डझनभर जण. बहुतेक सगळे जॅझमधून आलेले. तबकडीवर त्यांचं नाव छापलं जात नसे. ते पहिल्यांदा छापलं गेलं १९७१ साली, मार्व्हिन गेच्या अल्बमवर. पगार बेताचा असल्यामुळे हे लोक मोटाउनचं काम आटोपलं की गुपचूप दुसऱ्या कंपन्यांकडे वाजवायला जात. गॉर्डी त्यांना दंड करायचा, तरी ते जात. डेट्रॉइटमधल्याच रिक-टिक कंपनीसाठी एडविन स्टारनं १९६५ साली जे गायलं त्याच्या मागे हेच वादक होते. जॅकी विल्सनचं १९६७चं सर्वांत गाजलेलं गाणं शिकागोत ध्वनिमुद्रित झालं, तिथेही यांच्यातले काही जण गाडी हाकत पोचले होते.

हे एवढं तपशिलात सांगण्याला कारण आहे. नॉर्दर्न सोलबद्दल पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनात एक शंका हमखास येते: जी गाणी चालली नाहीत ती बहुधा चालण्याच्या लायकीची नसतील. ही शंका डेट्रॉइटमध्येच निकालात निघते. जे हात सुप्रीम्सच्या मागे वाजत होते तेच हात, त्याच आठवड्यात, कुणा अनोळखी पोरीच्या मागे वाजत होते. तशाच तंतुवाद्यांच्या ओळी, तसाच ठोक्यागणिक वाजणारा टॅम्बुरिन, तसाच बॅरिटोन सॅक्सोफोन. फरक पडायचा तो पुढे. रेडिओवरच्या डीजेनं रेकॉर्ड वाजवली का, वितरकानं ती गावोगाव पोचवली का आणि पोचवल्यावर पैसे वेळेवर दिले का, यावर सगळं ठरायचं. छोट्या कंपनीचं एखादं गाणं चाललं तर कधीकधी ती त्यानंच बुडायची: मागणी आली म्हणून उधारीवर हजारो प्रती काढायच्या आणि वितरकाच्या पैशांची वाट बघत बसायचं. खुद्द मोटाउनमध्ये दर शुक्रवारी बैठक भरे, नवी ध्वनिमुद्रणं ऐकवली जात आणि कुठलं बाहेर काढायचं यावर मतं घेतली जात. नापास झालेली टेप कपाटात. अशी कपाटं भरत गेली. डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस, सगळीकडे. साधारण १९६४ ते १९६७ ही चार वर्षं अशी होती की चांगलं गाणं तयार होणं ही अवघड गोष्ट राहिली नव्हती, ते ऐकलं जाणं अवघड झालं होतं.

आता इंग्लंड. इथे एका माणसाला टाळून पुढे जाता येत नाही, त्याचं नाव डेव्ह गॉडिन. डार्टफर्डच्या शाळेत मिक जॅगर त्याच्या बरोबर होता. जॅगरनं पुढे काळ्या संगीताचं काय केलं याबद्दल गॉडिनचं मत फारसं बरं नव्हतं. (या एका बाबतीत मी गॉडिनच्या बाजूचा आहे, पण तो वाद इथे नको.) साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं टॅम्ला मोटाउनच्या ब्रिटिश चाहत्यांची संघटना काढली आणि गॉर्डीशी पत्रव्यवहार केला. गॉर्डीनं त्याला डेट्रॉइटला बोलावून घेतलं. कंपनीच्या वेगवेगळ्या लेबलांवरची गाणी ब्रिटनमध्ये एकाच नावाखाली काढा, हा सल्ला त्याचा. १९६५च्या मार्चमध्ये टॅम्ला मोटाउन हे लेबल तिथे सुरू झालं आणि त्याच वेळी मोटाउनचे बडे कलाकार ब्रिटनच्या दौऱ्यावर आले. सुप्रीम्स, स्टीव्ही वंडर, स्मोकी रॉबिन्सन एकाच रंगमंचावर, आणि बऱ्याच गावांत निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

जे आले होते ते मात्र परत गेलेच नाहीत, असं म्हणायला हरकत नाही. मँचेस्टरमध्ये ट्विस्टेड व्हील नावाचा क्लब १९६३ साली सुरू झाला होता. १९६५ला तो व्हिटवर्थ स्ट्रीटवरच्या तळघरात गेला. शनिवारी रात्रभर तिथे अमेरिकन रेकॉर्डी वाजत. तिथला डीजे रॉजर ईगल हा ब्लूजचा भोक्ता. पण जागं राहण्यासाठी गोळ्या खाऊन आलेल्या पोरांना फक्त वेगवान सोल हवं असायचं. ईगल कंटाळून निघून गेला. त्याचा कंटाळा खरा होता आणि पोरांची मागणीही खरी होती. नॉर्दर्न सोलचा जो एक ठरावीक वेग आहे तो असा घडला आहे: थोडा डेट्रॉइटच्या स्टुडिओत, थोडा अँफेटमाइनच्या गोळीत. चळवळीचा इतिहास लिहिणारे काही जण ही गोळी गालिच्याखाली सारतात. तिच्यापायी औषधांची दुकानं फोडली गेली, पोरं तुरुंगात गेली, काही जिवानिशी गेली, आणि क्लबमागून क्लब बंद पडले. ट्विस्टेड व्हील १९७१ साली बंद झाला.

१९६७च्या सुमारास लंडननं कूस बदलली होती. तिथले रसिक लांब केस, लांब गाणी आणि सायकेडेलिक रंगांकडे वळले. उत्तरेकडचे वळले नाहीत. तोवर गॉडिननं लंडनमध्ये सोल सिटी नावाचं रेकॉर्डचं दुकान काढलं होतं. फुटबॉलचा सामना बघायला उत्तरेकडून आलेली पोरं दुकानात शिरायची आणि नव्या रेकॉर्डींना हातही न लावता जुन्या, वेगवान गाण्यांबद्दल विचारायची. या गिऱ्हाइकांना काय ऐकवायचं हे नोकरांना पटकन सांगता यावं म्हणून गॉडिननं त्या गाण्यांना नॉर्दर्न सोल म्हणायला सुरुवात केली आणि १९७०मध्ये आपल्या सदरात ते नाव छापून टाकलं. म्हणजे नाव पडलं ते दुकानाच्या सोयीसाठी, आणि तेही लंडनमध्ये.

उत्तरच का? याची सोपी समाजशास्त्रीय उत्तरं भरपूर आहेत आणि ती पूर्ण खोटीही नाहीत. खाणी, गिरण्या, आठवडाभर यंत्राशी घासाघीस आणि शनिवारी रात्री सुटका. विगन हे कोळशाचं आणि कापडाचं गाव. १९३७ साली ऑर्वेलनं त्याच्या गरिबीवर पुस्तक लिहून त्याला नको तेवढं प्रसिद्ध करून ठेवलं. याच पट्ट्यातल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांमध्ये फिरत होती, तेव्हा गिरणगाव जाणणाऱ्या मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका वाटू नये. १९७०च्या दशकात तिथल्या गिरण्या एकेक करून बंद होत होत्या; ज्या चालू होत्या त्यांच्या रात्रपाळ्या पुष्कळ ठिकाणी गुजरात, पंजाब आणि पाकिस्तानातून आलेले मजूर करत. १९७४च्या सुरुवातीला कोळशाच्या टंचाईमुळे सरकारनं कारखान्यांची वीज आठवड्यातून तीन दिवसांवर आणली. अशा वेळी डेट्रॉइटच्या कारखान्यांच्या सावलीत तयार झालेलं संगीत लँकशरच्या कामगारांना जवळचं वाटलं, हे ऐकायला फार छान वाटतं. मला त्यात थोडी लबाडी दिसते. कामगार वेल्समध्येही होते, स्कॉटलंडमध्येही होते. उत्तरेत मोठमोठे जुने बॉलरूम होते, ते ओस पडले होते, भाडं परवडत होतं, आणि गावं एकमेकांपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर होती. मला वाटतं, या रुक्ष गोष्टींचा वाटा जुळून आलेल्या दुःखापेक्षा मोठा असावा.

२३ सप्टेंबर १९७३ रोजी विगन कसिनो या क्लबात पहिली रात्र झाली. इमारत जुन्या एम्प्रेस बॉलरूमची, लाकडी जमीन नाचासाठीच बांधलेली, वर गोल सज्जा. रस विनस्टॅन्ली आणि नंतर रिचर्ड सर्लिंग यांच्यासारखे डीजे. सभासदत्वाचं कार्ड लागायचं. लोक स्कॉटलंडपासून येत, बसनं, रेल्वेनं, रस्त्यावर अंगठा दाखवून. हातात एक मोठी पिशवी, तिच्यावर आजवर पाहिलेल्या क्लबांचे शिवलेले बिल्ले, आत टॉवेल, बदलायचे कपडे आणि टाल्कम पावडरचा डबा. ही पावडर जमिनीवर पसरायची, म्हणजे चामडी तळव्याचे बूट सरकतात. पायघोळ पँट, आखूड बनियन. जोडीनं नाचायचं नाही. प्रत्येकाचा नाच आपला आपला. पाय सरकवत नेणं, गिरक्या, मागे पाठीवर पडून पुन्हा ठोक्यावर उभं राहणं. गाणं संपलं की टाळ्या. कुणासाठी? समोर गायक नाही, वादक नाही. टाळ्या त्या रेकॉर्डला. मला या सगळ्या वर्णनात ही टाळ्यांची गोष्ट सर्वांत मोठी वाटते. ज्या माणसानं दहा वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात एका दुपारी अडीच मिनिटं जीव ओतून गायलं आणि ज्याला कुणी दाद दिली नाही, त्याची थकबाकी इथे दर आठवड्याला फेडली जात होती, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

रात्र संपायची ती ठरलेल्या तीन गाण्यांवर. टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ आणि डीन पॅरिश यांची ती तीन गाणी. सकाळी आठच्या आधी हीच तीन, याच क्रमानं. डीन पॅरिश हा ब्रुकलिनचा इटालियन वंशाचा गोरा गायक. आपलं १९६७चं गाणं इंग्लंडमधल्या एका गावात दर आठवड्याला पहाटेच्या प्रार्थनेसारखं वाजतं, हे त्याला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. कळल्यावर तो आला, गायला, आणि उतारवयात त्याला पॉल वेलर या ब्रिटिश गायकानं लिहिलेल्या गाण्याची नवी रेकॉर्डही करायला मिळाली.

प्रत्येक डीजेला दुसऱ्याकडे नसलेली रेकॉर्ड हवी असे. त्यासाठी ते अमेरिकेच्या वाऱ्या करत, गोदामं धुंडाळत, धुळीत बसून हजारो तबकड्यांची नावं वाचत. ब्रॅडफर्डच्या बाजारातल्या गाळ्यांवर आलेले गठ्ठे चाहते भल्या सकाळी जाऊन उपसत. सापडलेलं रत्न दुसऱ्यानं शोधून काढू नये म्हणून तबकडीवरच्या लेबलावर कागद चिकटवायचा आणि भलत्याच गायकाचं खोटं नाव सांगायचं, ही तर रीतच होती. जमैकाच्या साउंड सिस्टिमवाल्यांची ही जुनी युक्ती. खोटं नाव महिनोन्महिने टिकायचं, कधी वर्षंही. मग कुणीतरी ओळखायचा, नकली प्रती छापल्या जायच्या, गाणं घरोघर पोचायचं आणि खऱ्या नाचणाऱ्याच्या मनातून उतरायचं.

या वेडाचं टोक म्हणजे फ्रँक विल्सनची गोष्ट. विल्सन मोटाउनमध्ये गीतकार-निर्माता होता. १९६५च्या अखेरीस त्यानं स्वतःच्या आवाजात एक रेकॉर्ड केली. नाव ‘डू आय लव्ह यू’. तिच्या जाहिरातीच्या प्रती निघाल्या आणि मग काढणंच रद्द झालं. गायक व्हायचंय की निर्माता, असं गॉर्डीनं विचारलं आणि विल्सननं निर्माता होणं पसंत केलं, असं सांगतात. प्रती नष्ट करण्यात आल्या. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यातून वाचलेली एक अटलांटिक ओलांडून आली आणि विगनमध्ये एडी फॉस्टर या खोट्या नावानं वाजली. दोनच प्रती शिल्लक आहेत असं बरीच वर्षं मानलं जात होतं. २००९ साली त्यातली एक २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली; २०२० साली एका प्रतीला १ लाख पौंड मिळाले. विल्सन पुढे धर्मोपदेशक झाला. २०१२ साली तो वारला.

हे गाणं चांगलं आहे का? चांगलं आहे, फार चांगलं आहे. पण एक लाख पौंडांचं आहे का, हा प्रश्न गाण्याचा राहिलेला नाही. चळवळीतली मला न पटणारी गोष्ट हीच. दुर्मीळ म्हणून आवडणं आणि आवडतं म्हणून शोधणं यांत फरक आहे, आणि भल्याभल्या संग्राहकांच्या हातून तो पुसला गेला. विगनच्या शेवटच्या वर्षांत असं बरंच काही वाजवलं गेलं ज्याचा एकमेव गुण म्हणजे ते कुणाकडे नव्हतं. वेग बरोबर, ठोका बरोबर, गायक मात्र बेसूर. नेहमीचे नाचणारे त्यावरही नाचत होते. याउलट ओटिस रेडिंगसारखा मेम्फिसचा राजा या जमिनीवर फारसा वाजला नाही, कारण तो सगळ्यांकडे होता आणि संथ होता.

याच मुद्द्यावर १९७०च्या दशकाच्या मध्यात मोठं भांडण पेटलं. ब्लॅकपूल मेका या नाचघराच्या हायलंड रूममध्ये इयन लेव्हिन आणि कॉलिन कर्टिस डीजे होते. लेव्हिन हा सुखवस्तू घरातला. आईवडिलांबरोबर मायामीला जायचा आणि हजारोंनी रेकॉर्डी घेऊन यायचा. त्याच्या लक्षात आलं की साठच्या दशकाची विहीर कधीतरी आटणार. त्यानं चालू काळातली अमेरिकन सोल गाणी वाजवायला सुरुवात केली, पुढे तर सरळ डिस्कोच. विगनवाल्यांना हा धर्मद्रोह वाटला. ‘लेव्हिन हटाव’ अशा अर्थाचे बिल्ले निघाले. पन्नास वर्षांनंतरही या वादात कोण बरोबर यावरून उतारवयाची माणसं हमरीतुमरीवर येतात. माझ्या मते विहीर आटणार हा लेव्हिनचा अंदाज चुकला. साठच्या दशकानं इतकं काही टाकून दिलं होतं की अजूनही सापडतं आहे. पण नवं ऐकत राहिलं पाहिजे हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गोठवलेली आवड ही आवड राहात नाही, ते कर्मकांड होतं, आणि विगनमध्ये कर्मकांड पुष्कळ होतं.

१९७७ साली ग्रॅनडा टेलिव्हिजनसाठी टोनी पामरनं विगन कसिनोवर अर्ध्या तासाचा माहितीपट केला. नाचणाऱ्या पोरांच्या मध्येमध्ये गिरण्या-खाणींची जुनी दृश्यं जोडून त्यानं आपलं म्हणणं मांडलं. नाचणाऱ्यांपैकी अनेकांना तो आवडला नाही. आपली गुप्त जागा दिवाणखान्यात उघडी पडली असं त्यांना वाटलं. कसिनो ६ डिसेंबर १९८१ रोजी बंद झाला, पुढच्या वर्षी इमारतीला आग लागली आणि मग ती पाडली गेली.

कसिनो बंद झाला त्याच वर्षी एक वेगळीच गंमत झाली. १९६५ साली ग्लोरिया जोन्स नावाच्या मुलीचं ‘टेंटेड लव्ह’ हे गाणं एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला निघालं होतं आणि लगेच विस्मरणात गेलं. १९७३ साली सर्लिंगनं फिलाडेल्फियात त्याची प्रत विकत घेतली आणि ते उत्तरेत वाजू लागलं. १९८१ला सॉफ्ट सेल या इंग्लिश जोडगोळीनं सिंथेसायझरवर ते पुन्हा केलं. ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक, अमेरिकेच्या पहिल्या शंभरात ४३ आठवडे. आज ते जगाला सॉफ्ट सेलचं म्हणूनच ठाऊक आहे.

इथे हिशेबाचा प्रश्न येतो आणि तो टाळून या चळवळीचं कौतुक करणं बरं नव्हे. गाणाऱ्यांपैकी बहुतेक जण काळे अमेरिकन, नाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण गोरे इंग्लिश. पिशवीवरच्या बिल्ल्यावर आवळलेली काळी मूठ, १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये दोन काळ्या धावपटूंनी उंचावली तशी. पण हजारो पौंडांना विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डचा एक पैसाही गायकाला मिळत नाही. नकली प्रती छापणाऱ्यांनी तर उघडच लुटलं. प्रेम होतं आणि लूटही होती, बऱ्याचदा एकाच माणसाच्या हातून. तरी दुसऱ्या बाजूलाही काही लिहायला हवं. मेजर लान्स हा शिकागोचा गायक. १९६३-६४ साली अमेरिकेत गाजला आणि मग ओसरला. (१९६०च्या दशकाच्या मध्यात तो ब्रिटनला आला तेव्हा त्याच्या मागे पियानो वाजवणारा पोरगा म्हणजे पुढचा एल्टन जॉन.) १९७२ साली तो इंग्लंडला राहायलाच आला आणि स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या टन्स्टलच्या टॉर्च क्लबात खचाखच गर्दीपुढे गायला. एडविन स्टारनं तर नॉटिंगहॅमजवळ घरच केलं आणि २००३ साली तिथेच देह ठेवला. टॅम्स या मंडळींचं १९६४चं एक गाणं क्लबांमधल्या मागणीमुळे १९७१ साली ब्रिटनमध्ये पुन्हा निघालं आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेलं.

हिशेब थोडाफार सरळ केला तो केंट या लेबलनं. एस रेकॉर्ड्स कंपनीनं १९८२ साली ते काढलं. त्याची सूत्रं एडी क्रोसडेल या चाहत्याकडे होती, जो लंडनमध्ये आधीपासून साठच्या दशकातल्या सोलच्या रात्री भरवत होता. रीतसर परवानगी, रीतसर मानधन, आतल्या कागदावर गायकाची खरी माहिती. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या टेपांच्या कपाटांत शिरून न निघालेली गाणी त्यांनी बाहेर काढली. मेल्बा मूरनं साठच्या दशकात गायलेलं आणि तिथेच पडून राहिलेलं एक गाणं ऐंशीच्या दशकात लंडनच्या हंड्रेड क्लबमध्ये पहिल्यांदा वाजलं आणि लोक वेडे झाले. स्वतः गॉडिननं आयुष्याच्या शेवटी याच लेबलसाठी संथ, आर्त सोलचे संग्रह निवडले. वेगवान गाण्यांना नाव देणाऱ्या माणसाचं खरं प्रेम संथ गाण्यांवर होतं, हे अनेक नाचणाऱ्यांना आजही पचत नाही.

चाहत्यांचं हे प्रेम टिकलं ते स्मरणरंजनामुळे, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. १९७३ साली विगनला नाचणारा अठरा वर्षांचा पोरगा १९६५ साली दहा वर्षांचा होता, आणि डेट्रॉइटला तर तो कधी गेलाच नव्हता. त्याला आठवण होण्यासारखं काही घडलंच नव्हतं. आज ब्रिस्टॉलमध्ये किंवा मँचेस्टरमध्ये विशीतल्या मुली पाठीवर पडून उठतात, त्यांच्या तर आयांचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. टिकलं ते काम असल्यामुळे. रेकॉर्ड शोधायची, तिच्या रिकाम्या पट्टीवर खरवडलेला क्रमांक वाचायचा, गायक कोण, वादक कोण, कुठल्या स्टुडिओत, हे वर्षानुवर्षं खणत राहायचं, मिळालेली माहिती दुसऱ्यानं खोडायची, आणि शनिवारी नाचायचं. अजून न ऐकलेलं एखादं गाणं कुठल्यातरी गोदामात आहे याची खात्री असली की माणूस म्हातारा व्हायला वेळ लागतो. जो चाहता आवडत्या गायकाचं सगळं ऐकून बसला आहे, त्याच्याकडे फक्त आठवणीच उरतात.

या कामाचे दुर्गुणही त्यातच आहेत. ते पुरुषी होतं आणि बरंच अजून आहे. नाचात मुली बरोबरीनं असत, पण डीजेच्या मंचावर आणि रेकॉर्डच्या पेट्यांमागे बहुतेक पुरुषच. यादीत एक नाव कमी-जास्त झालं की चिडणारे, तबकडीच्या कडेला ओरखडा आहे म्हणून तासभर घासाघीस करणारे. पुढच्या पानांत ही मंडळी भेटतील तेव्हा त्यांना हसावं, पण त्यांच्याशिवाय यातलं एकही गाणं आपल्यापर्यंत पोचलं नसतं, हेही लक्षात असू द्यावं.

२०२३च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात, पूर्ण ऑर्केस्ट्रासह नॉर्दर्न सोलची रात्र झाली. रेडिओ निवेदक स्टुअर्ट मॅकोनीनं तिची आखणी केली होती. तुरुंगाच्या वाऱ्या केलेल्यांचं संगीत असं सरकारमान्य झाल्याचं काहींना वाईट वाटलं, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या रात्रीपेक्षा स्टोकच्या किंग्ज हॉलमधल्या रात्री जास्त विश्वासाच्या वाटतात, जिथे अजूनही लोक पिशवीत टॉवेल घेऊन जातात.

वाचकाला एक सूचना. हे सगळं मुक्यानं वाचू नये. ज्या रेकॉर्डसाठी लोकांनी अटलांटिक ओलांडला ती आज फोनवर बोट ठेवलं की वाजते. शोधाची गंमत त्यात नाही, पण गाणं तेच आहे. सुरुवात डोबी ग्रेच्या ‘आउट ऑन द फ्लोअर’पासून करावी. १९६६चं गाणं आहे, आणि नाचण्याबद्दलच आहे. मग ग्लोरिया जोन्सचं मूळ ‘टेंटेड लव्ह’ ऐकावं आणि सॉफ्ट सेलचं विसरायचा प्रयत्न करावा. त्यानंतर विगनची ती तीन गाणी, सांगितलेल्या क्रमानं. फ्रँक विल्सनचं गाणं त्यांच्या नंतर लावावं, किंमत डोक्यातून काढून टाकून. आणि जेमर्सनची बास नीट ऐकू येईल असा स्पीकर घ्यावा. फोनच्या आवाजात या संगीताचा निम्मा भाग ऐकूच येत नाही.